पट्टा लहानांना, मान मोठ्यांना?

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस घडलेली एक लहानशी गोष्ट आमच्या मनातून जात नाही. गोष्ट लहान, परंतु तिच्यातून निघालेला प्रश्न लहान नाही. म्हणून आज ती वाचकांपुढे मांडीत आहोत.

आमच्या धर्मग्रामातील एका कुटुंबाने शहराबाहेर नवे घर बांधले. त्या घरास आशीर्वाद देण्यासाठी आम्हांला न्यावयास त्यांची मोटार आली. यजमान स्वतः गाडी चालवीत होते. मागे त्यांची पत्नी व दहा वर्षांचा मुलगा बसला होता. पुढचे मानाचे आसन अर्थातच आम्हांस देण्यात आले. यजमानांनी आपला पट्टा बांधला. आम्ही मात्र, नुकताच इस्त्री केलेला पांढरा झगा चुरगळेल म्हणून, आमच्या बाजूचा पट्टा तसाच लोंबकळू दिला. यजमानांनी एकदा त्याकडे पाहिले, एकदा आमच्याकडे पाहिले आणि ते काही न बोलता निघाले. गाडी जुनी असल्याने तीही काही बोलली नाही.

वेशीवरच्या नाक्यावर पोलीस शिपाई गाड्या थांबवून पट्टे पाहत होता. आमच्या पुढे भाड्याची मोटार चालविणारा एक मध्यमवयीन गृहस्थ होता. त्याने पट्टा बांधला नव्हता. त्याने हात जोडले, विनवणीचे दोन शब्द बोलला. पण शिपायाने नियमाप्रमाणे दंडाची पावती केली. त्यात त्या शिपायाचे काहीच चुकले नाही. मग आमची पाळी आली. शिपाई खिडकीशी वाकला, त्याने आमचा झगा पाहिला, अदबीने सलाम केला आणि म्हणाला, “जा, फादर.”

गाडी पुढे निघाली तोच मागून प्रश्न आला, “फादर, तुम्हांला पट्टा लावावा लागत नाही का?”

आम्ही उत्तर देण्यापूर्वीच यजमान मुलावर खेकसले, “चूप बैस! ते फादर आहेत.”

आम्ही हसलो आणि विषय बदलला. हसणे हे उत्तर नव्हे, हे त्याच क्षणी आम्हांस ठाऊक होते. आजचे हे लिखाण म्हणजे त्या मुलाला द्यावयाचे राहून गेलेले उत्तर होय.

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू. वेगाने जाणारी मोटार एकाएकी थांबली, तरी तिच्यात बसलेला देह थांबत नाही. तो पूर्वीच्याच वेगाने पुढे जातो, आणि समोरची काच, चालकाच्या हातातले चाक किंवा पुढचे आसन त्याला थांबविते. तो आघात देहाच्या बळकट भागांवर, म्हणजे खांदा, छाती व कंबर यांवर, वाटून घ्यावा एवढेच पट्ट्याचे काम. आज सर्वत्र दिसणारा तीन टोकांना अडकविलेला पट्टा नील्स बोलिन या स्वीडिश अभियंत्याने व्होल्वो कंपनीसाठी तयार केला, आणि १९५९ साली तो मोटारींत बसविला जाऊ लागला. कंपनीने आपला पेटंटचा हक्क राखून न ठेवता इतर कारखानदारांनाही त्याचा उपयोग करू दिला. मोटारीत पट्टा बांधणे सक्तीचे करणारा पहिला कायदा ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्याने १९७० साली केला. ब्रिटनमध्ये पुढच्या आसनांसाठी तो ३१ जानेवारी १९८३ पासून लागू झाला. पट्ट्यामुळे मोटारीतील माणसांच्या मृत्यूचा धोका निम्म्यापर्यंत घटू शकतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

आपल्या देशात २०१९ च्या दुरुस्तीनंतर पट्टा न बांधल्यास एक हजार रुपये दंड आहे. मागच्या आसनावर बसणाऱ्यांनाही, त्यांचे तोंड गाडीच्या दिशेने असेल तर, पट्टा बांधणे नियमाने आवश्यक आहे. तरीही केंद्र शासनाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली, आणि त्यांपैकी पट्टा न बांधलेली माणसे १६,७१५ होती. त्यांत ८,३३१ जण गाडी चालविणारे नव्हते; नुसते बसलेले होते. आम्हीही त्या दिवशी नुसते बसलेलेच होतो.

आता मुलाच्या प्रश्नाकडे वळू. मोठ्या माणसांस, पुढाऱ्यांस, अधिकाऱ्यांस, धर्मगुरूंस, हा नियम लागू आहे की नाही? कायद्याच्या पुस्तकात उत्तर सरळ आहे: आहे. अडचण पुस्तकात नाही. ती मोटारीत आहे.

अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात जॉन कॉर्झाइन हे गव्हर्नर होते. १२ एप्रिल २००७ रोजी संध्याकाळी ते एका चांगल्या कामासाठी निघाले होते. एका रेडिओ निवेदकाने विद्यापीठाच्या महिला बास्केटबॉल संघाविषयी अपमानाचे उद्गार काढले होते, आणि त्या दोन्ही पक्षांची भेट गव्हर्नरांच्या निवासस्थानी ठरली होती. गव्हर्नर चालकाशेजारी पुढे बसले होते. त्यांनी पट्टा बांधलेला नव्हता. गाडी ताशी ९१ मैल, म्हणजे सुमारे १४६ किलोमीटर, वेगाने धावत होती. त्या मार्गावर मर्यादा ६५ मैलांची होती. हे पुढे गाडीतील यंत्राच्या नोंदीवरून उघड झाले. अपघात झाला. गव्हर्नरांच्या मांडीचे हाड मोडले, छातीचे हाड व अनेक बरगड्या मोडल्या, आणि कित्येक दिवस त्यांचा श्वास यंत्राच्या साहाय्याने चालू होता.

ज्या राज्यात पट्टा न बांधणाऱ्या सामान्य माणसास दंड होतो, त्याच राज्याचा हा सर्वोच्च अधिकारी. आणि गाडी कोण चालवीत होता? राज्य पोलीस दलातला शिपाई. म्हणजे ज्याने रस्त्यावर इतरांना थांबवून पट्टा विचारावयाचा, तोच हाताशी बसलेल्या माणसाच्या बाबतीत मुका झाला होता. आम्ही त्याला दोष देत नाही. ज्याच्या हाती आपली चाकरी, त्याला “साहेब, आधी पट्टा बांधा” असे सांगण्यास फार मोठे धैर्य लागते.

कॉर्झाइन यांच्या पुढील वर्तनाविषयी मात्र आम्हांस आदर वाटतो. रुग्णालयातून बाहेर पडताना त्यांनी आपण वाईट उदाहरण घालून दिल्याबद्दल लोकांची क्षमा मागितली. पट्टा न बांधल्याबद्दलचा ४६ डॉलरांचा दंड भरला. नंतर लोकांसाठी एक लहानसा चित्रपट करविला, आणि त्यात स्वतः उभे राहून सांगितले की, वास्तविक आपण आज जिवंत असावयास नको होते. तुम्ही तरी पट्टा बांधा. मोडलेल्या हाडांचा उपदेश लोकांनी ऐकला. पण तोच उपदेश अपघातापूर्वी, एक अक्षरही न बोलता, नुसता पट्टा बांधून करता आला असता.

ब्रिटनचे तत्कालीन पंतप्रधान ऋषी सुनक यांचे प्रकरणही वाचकांस आठवत असेल. जानेवारी २०२३ मध्ये ते लँकेशायर भागात दौऱ्यावर असताना, धावत्या मोटारीत मागच्या आसनावर बसून, लोकांसाठी एक चित्रफीत त्यांनी घेतली. त्या वेळी पट्टा सोडलेला होता आणि चित्रफितीत तो सर्वांना दिसला. लँकेशायरच्या पोलिसांनी पंतप्रधानांना दंडाची नोटीस दिली. पंतप्रधानांनी चूक मान्य केली व क्षमा मागितली. या प्रकरणात आम्हांला पंतप्रधानांपेक्षा ते पोलीस अधिक मोठे वाटतात. देशाच्या मुख्य कारभाऱ्याला दंड करूनही त्या देशात कोणते आकाश कोसळले नाही. उलट, ज्या गरिबाने पूर्वी तोच दंड भरला होता, त्याला त्या दिवशी वाटले असेल की, आपल्याला गरीब म्हणून दंड झाला नव्हता. चूक केली म्हणून झाला होता.

आपल्या घरच्या आठवणी अधिक दुःखाच्या आहेत. ३ जून २०१४ रोजी दिल्लीत विमानतळाकडे जाताना केंद्रीय मंत्री गोपीनाथ मुंडे यांच्या मोटारीस अपघात झाला आणि त्यांचे निधन झाले. ते मागच्या आसनावर होते. मागचा पट्टा केवळ शोभेसाठी असतो या गैरसमजापायी आपण मित्र गमावला, असे त्यांचे सहकारी व वैद्य असलेले मंत्री हर्षवर्धन यांनी तेव्हा जाहीरपणे म्हटले. पुढे ४ सप्टेंबर २०२२ रोजी उदवाड्याहून मुंबईस परतताना पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांची मोटार आदळली. गाडी उत्तम बनावटीची होती. तरीही मागे बसलेले दोघे, मिस्त्री व त्यांचे सहप्रवासी, दगावले. दोघांनीही पट्टे बांधलेले नव्हते. पुढचे दोघे जखमी झाले, पण वाचले. गुजरातेत राहणाऱ्या आमच्या कित्येक वाचकांचा हा नेहमीचा रस्ता आहे. सुट्टीत मुंबई-वसईकडे जाताना याच पुलावरून त्यांच्या मोटारी जातात.

त्या अपघातानंतर थोड्याच दिवसांत केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी एका समारंभात एक अनुभव सांगितला. आपण चार मुख्यमंत्र्यांच्या मोटारींत पुढे बसलो. पट्टा न बांधल्यास वाजणारी सूचना वाजू नये म्हणून तेथे नुसती क्लिप खोचून ठेवलेली आढळली, असे ते म्हणाले. मुख्यमंत्र्यांची नावे त्यांनी सांगितली नाहीत आणि आम्हांलाही ती नकोत. आमचे लक्ष त्या क्लिपेकडे आहे. माणसे तर आधीच मुकी झालेली. आता यंत्राच्याही तोंडात बोळा!

वाचकहो, आमच्या मते या सर्व प्रकरणांचे मर्म येथे आहे. मोठेपणाचा पहिला धोका असा की, तो भोवतालच्या माणसांची वाचा बंद करतो. सामान्य माणसाने पट्टा बांधला नाही, तर बायको बोलते, चालक बोलतो, शिपाई बोलतो. मोठ्या माणसाला कोणीच बोलत नाही. जो तो त्याचा मान राखतो आणि त्या मानापायी त्याचा प्राण धोक्यात घालतो. आमच्या यजमानांनी त्या दिवशी पट्ट्याकडे पाहिले व ते गप्प राहिले. शिपायाने पाहिले व सलाम केला. दोघेही भले, दोघांनाही आमच्याविषयी आदर. परंतु आमच्या जिवाची काळजी त्या गाडीत फक्त एका दहा वर्षांच्या मुलाने केली, आणि आम्ही त्यालाच गप्प बसू दिले.

काही लोक म्हणतील, पुढाऱ्यांच्या कामाच्या अडचणी असतात; त्यांना संरक्षणाच्या कारणाने चटकन उतरावे लागते, लोकांना दर्शन द्यावे लागते. या आक्षेपाचा आम्ही प्रामाणिकपणे विचार केला आहे, कारण तो आमच्याच घरापर्यंत येतो. सप्टेंबर २०११ मध्ये पोप सोळावे बेनेडिक्ट जर्मनीतील फ्रायबर्ग येथे गेले असता आपल्या खास वाहनातून लोकांना आशीर्वाद देत फिरले. त्यांनी पट्टा बांधला नव्हता, म्हणून एका जर्मन नागरिकाने पुढे त्यांच्याविरुद्ध तक्रार दाखल केली. पुष्कळांनी ती हसण्यावारी नेली. संथ चालणाऱ्या वाहनातून गर्दीस आशीर्वाद देणे हे महामार्गावर सुसाट जाण्यासारखे नव्हे, हे आम्हांलाही मान्य आहे. पण देह हा शेवटी देहच असतो. १० सप्टेंबर २०१७ रोजी कोलंबियातील कार्ताहेना शहरात पोप फ्रान्सिस अशाच वाहनातून एका बालकाकडे वाकले असता वाहन एकाएकी थांबले. त्यांचा चेहरा आपटला, भुवईस जखम झाली, गाल सुजला आणि शुभ्र झग्यावर रक्ताचे थेंब पडले. झग्याचा रंग पाहून आघात कमी होत नाही.

म्हणून आम्ही दोन प्रकारच्या सवलतींत भेद करतो. एक कामाची सवलत. ती कायद्याने कारण पाहून, उघडपणे लिहून द्यावी, आणि ज्याला ते काम आहे त्याला, तेवढ्याच वेळेपुरती मिळावी. दुसरी मानाची सवलत. ती कोणी लिहून देत नाही. ती मोठा माणूस न मागता घेतो आणि लहान माणूस न विचारता देतो. पहिलीत अन्याय नाही. दुसरी मात्र हजार रुपये भरणाऱ्या त्या भाड्याच्या गाडीवाल्याच्या खिशातून निघते.

आणखी कोणी म्हणेल, “माझा जीव, माझा धोका, इतरांस काय?” हेही खरे नव्हे. मागे बसलेल्या माणसाने पट्टा बांधला नसेल, तर धक्क्याच्या वेळी त्याचा देह पुढे बसलेल्यावर जाऊन आदळतो. बाप मागे बसला आणि मुलगा पुढे गाडी चालवीत असला, तर बापाचा देहच मुलाच्या मरणास कारण होऊ शकतो. शिवाय आपला जीव आपला एकट्याचा नाही. तो प्रथम देवाचा, आणि मग घरी वाट पाहणाऱ्यांचा. २००७ च्या जून महिन्यात व्हॅटिकनने वाहनचालकांसाठी दहा नियम प्रसिद्ध केले. त्यांतील पहिलाच नियम सीनाय पर्वतावरील पाचव्या आज्ञेची आठवण देतो. त्या वेळी कित्येकांना व्हॅटिकनने रस्त्याच्या गोष्टीत पडणे विचित्र वाटले. आम्हांला ते वाटत नाही. जेथे माणूस मरतो वा मारतो, तेथे पाचवी आज्ञा आहेच.

आपल्या कित्येक घरांच्या मोटारींत आरशाला रोजरी लटकलेली असते. काहींत संत ख्रिस्तोफरचे पदकही असते. ही भक्ती चांगली आहे. परंतु मंदिराच्या कळसावरून उडी टाकण्याचे आमंत्रण सैतानाने प्रभूला दिले, तेव्हा देवदूत झेलतील या भरवशावर प्रभूने उडी टाकली नाही. रोजरी आरशाला आणि पट्टा खुंटीला, ही श्रद्धा नव्हे. ते देवाला आव्हान देणे होय.

प्रभूच्याच आयुष्यातील दुसरा एक प्रसंग आमच्या प्रश्नाशी अगदी जवळून भिडतो. संत मत्तयाने तो सतराव्या अध्यायात सांगितला आहे. कफर्णहूम गावी मंदिराचा कर गोळा करणाऱ्यांनी पेत्राला विचारले, तुमचे गुरू कर देत नाहीत काय? घरात आल्यावर प्रभूने पेत्राला समजावून सांगितले की, राजे कर परक्यांकडून घेतात, पुत्रांकडून नव्हे. म्हणजे पुत्र मोकळे आहेत. मंदिर ज्या पित्याचे, त्याचाच तो पुत्र. सवलतीचा हक्क याहून मोठा कोणाचा असू शकेल? तरीही लोकांना अडखळण होऊ नये म्हणून त्याने पेत्राला समुद्रावर पाठविले, पहिल्या माशाच्या तोंडातून नाणे काढावयास लावले, आणि कर भरला: स्वतःचा आणि पेत्राचाही.

ज्याला खरोखर सवलत होती, त्याने ती लहानांसाठी सोडली. मग ज्यांना कायद्याने सवलतच नाही, त्यांनी ती झग्याच्या, खुर्चीच्या किंवा लाल दिव्याच्या बळावर घ्यावी काय? गाड्यांवरचे ते लाल दिवे तर शासनाने २०१७ मध्ये उतरविले. मनातले दिवे उतरविण्याचा हुकूम कोणते शासन काढणार? तो ज्याचा त्यानेच काढावयाचा आहे.

आणि पुढारी म्हणजे केवळ मंत्री नव्हेत. शाळेतील मुख्याध्यापक, संस्थेचे अध्यक्ष, घरातील आजोबा, वेदीपाशी उभा राहणारा धर्मगुरू, हे सर्व आपापल्या ठिकाणी पुढारीच होत. त्यांच्या बोलण्यापेक्षा त्यांच्या वागण्याकडे मुले अधिक टक लावून पाहतात. आपणांस आमची एवढीच विनंती आहे: धर्मगुरू, वडीलधारे किंवा साहेब तुमच्या गाडीत बसले, तर त्यांना आदराने पण स्पष्टपणे पट्टा बांधावयास सांगा. तसे सांगणे हा त्यांचा अपमान नव्हे. मान राखावयाचा तर आधी माणूस राखला पाहिजे.

नव्या घरास आशीर्वाद देऊन परत येताना आम्ही पट्टा बांधला होता. पण गुपचूप बांधला होता, आणि मुलगा गाडीत नव्हता. त्यामुळे पुढच्या रविवारी मिस्सानंतर आम्ही त्याला त्याच्या वडिलांदेखत बोलावले आणि सांगितले, “बाळ, मला पट्टा लावावा लागतो. त्या दिवशी माझी चूक झाली. तू विचारलेस ते बरोबर होते.” वडील संकोचले. मुलाने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, “मग पोलिसांनी तुम्हांला सोडले ते?”

“तीही चूकच,” आम्ही म्हणालो.

दंड भरण्याची संधी त्या शिपायाने आम्हांला दिली नाही. म्हणून निदान कबुली तरी येथे देत आहोत. आता पुढे बसताना झगा चुरगळतो. चुरगळू दे.